लहर कोणाला परवडते

एखाद्या माणसाच्या वागण्याचा भरवसा देता येत नसेल, तर त्याचे वर्णन करायला मराठीकडे शब्दांची कमतरता नाही. तऱ्हेवाईक, विक्षिप्त, छांदिष्ट, चक्रम, सणकी, चंचल, मनस्वी आणि अलीकडे घराघरांत रुळलेला मूडी. शब्दकोशात हे सगळे शेजारी शेजारी बसवता येतील. पण बोलणारा माणूस त्यांची अदलाबदल सहसा करीत नाही. तऱ्हेवाईक माणसाच्या सवयी जगावेगळ्या असतात, परंतु त्या रोज तशाच असतात. भर वैशाखात मफलर गुंडाळून फिरणारा गृहस्थ तऱ्हेवाईक खरा, पण उद्याही तो मफलर गुंडाळूनच दिसेल याची खात्री असते. छांदिष्टाला एकच नाद असतो आणि त्या नादापायी तो बाकी सगळे विसरतो. चक्रम हा शब्द हसत हसत आणि बहुधा पाठीमागे वापरला जातो. सणकी माणसाचे डोके फिरले की आसपासच्यांनी हाताशी येण्यासारख्या वस्तू उचलून ठेवाव्यात, असा त्या शब्दाचा इशारा असतो. मनस्वी ही तर पदवीच आहे; ती हयात माणसांना क्वचित आणि मृत्युलेखांत हमखास मिळते.

विक्षिप्त या शब्दावर मात्र थोडा अन्याय झाला आहे. पातंजल योगसूत्रांवरील व्यासभाष्यात चित्ताच्या पाच अवस्था सांगितल्या आहेत : क्षिप्त, मूढ, विक्षिप्त, एकाग्र आणि निरुद्ध. या क्रमात विक्षिप्त मधोमध येतो. सतत भरकटणाऱ्या क्षिप्त चित्तापेक्षा तो वरच्या पायरीवरचा, कारण विक्षिप्त चित्त अधूनमधून का होईना, स्थिरावते. आज आपण ज्याला विक्षिप्त म्हणून हिणवतो, त्याच्या बाजूने योगशास्त्र निदान एवढी साक्ष देईल.

या सगळ्या गोतावळ्यात लहरी हा शब्द मला वेगळा वाटतो, आणि गेली काही वर्षे तो माझ्या कानांत जरा खुपू लागला आहे. तऱ्हेवाईकपणा एकट्याने करता येतो. निर्जन बेटावरचा माणूसही छांदिष्ट असू शकेल. लहरी असायला मात्र दुसरे कोणीतरी लागते, आणि ते ताटकळत असावे लागते. ज्याच्या होकाराची, सहीची, गाण्याची, पैशाची किंवा नुसत्या बऱ्या शब्दाची कोणी वाट पाहत नाही, त्याला लहरी म्हणण्याची वेळच येत नाही.

मुळात हा शब्द पाण्याचा. संस्कृतात लहरी म्हणजे लाट. देवस्तुतीच्या काव्यांना लहरी हे नाव देण्याची जुनी प्रथा आहे, आणि जगन्नाथ पंडिताच्या गंगालहरीची आख्यायिका तर मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली आहे. काशीच्या घाटावर बसून तो एकेक श्लोक रचीत गेला आणि प्रत्येक श्लोकासरशी गंगा एकेक पायरी चढून वर आली. बावन्न श्लोक, बावन्न पायऱ्या. आख्यायिका खरी की खोटी हा प्रश्न बाजूला ठेवू. पण या गोष्टीतली लहर किती शिस्तीची आहे पाहा. एका श्लोकाला दोन पायऱ्या चढावे किंवा मध्येच रुसून मागे फिरावे, असे तिला एकदाही वाटत नाही.

पुढे मराठीने घराच्या वाटण्या कराव्यात तशा या पाण्याच्या वाटण्या केल्या. समुद्राची ती लाट झाली, थंडीची आणि उष्म्याचीही लाटच झाली. आणि लहर बहुतांशी मनाकडे आली. ज्या थोड्या ठिकाणी ती मनाबाहेर उरली, तिथे ती अतिशय नियमित आहे. ध्वनिलहरी, प्रकाशलहरी, रेडिओलहरी यांची लांबी मोजता येते, त्या सेकंदाला किती वेळा येतात हे सांगता येते, आणि त्या नियमितपणावरच आकाशवाणीचे केंद्र आपल्या आकड्यावर सापडते. संगीतात याच घराण्यातला लहरा आहे. स्वतंत्र तबलावादनाच्या वेळी हार्मोनियमवर किंवा सारंगीवर एकच छोटी सुरावट तासभर अविचल फिरत राहते, तिला लहरा म्हणतात. तबलजीने वाटेल तितके दूर भटकून यावे. तो समेवर आला की नाही हे लहरा सांगतो. म्हणजे भौतिकशास्त्रात आणि संगीतात जी गोष्ट सर्वांत भरवशाची, तिच्याच नावाने आपण माणसाच्या बेभरवशाला हाक मारतो.

या अर्थांतराचे एक कारण व्याकरणात दडलेले असावे. मराठीत लहर करता येत नाही; ती येते, लागते किंवा फिरते. मला झोप येते, मला राग येतो, मला ताप येतो, तशी मला लहर येते. मी तिथे कर्ता नसतोच. सर्पदंश झालेल्या माणसाला विषाच्या लहरी येतात असे जुनी माणसे सांगत. तिथे तर माणूस पूर्णपणे असहाय असतो. हीच वाक्यरचना आपण जशीच्या तशी उचलून वरिष्ठ अधिकाऱ्याला किंवा घरातल्या कर्त्या पुरुषाला बहाल केली आहे. ‘साहेबांची लहर फिरली’ या वाक्यात साहेबांनी काहीच केलेले नसते. फाईल भिरकावलेली असते, माणूस अपमानित होऊन बाहेर आलेला असतो, तीन आठवड्यांचे काम रद्द झालेले असते, पण वाक्यातली एकमेव क्रिया लहरीने केलेली असते. ‘आली लहर, केला कहर’ या म्हणीतही कहर करणाराचे नाव कुठे येत नाही.

असे अभय भाषा सर्वांना देते काय? मी काही दिवस नुसते ऐकत राहिलो. लहरी राजा, लहरी साहेब, लहरी सासरे, लहरी गवई, लहरी नट, लहरी मंत्री, लहरी पाऊस हे सगळे सहज कानांवर पडते. लहरी गडी, लहरी शिपाई, लहरी मोलकरीण, लहरी हमाल हे मात्र कोणी म्हणत नाही. तीच अनियमितता गड्याने दाखवली तर तो कामचुकार किंवा बेभरवशाचा ठरतो. शिपायाने दाखवली तर तो माजलेला असतो. सुनेच्या वाट्याला हट्टी आणि नखरेल हे शब्द येतात. शाळकरी पोर मनाला येईल तसे वागले तर त्याला द्वाड म्हणतात आणि धपाटा घालतात. लहरी म्हणवून घ्यायला अंगी थोडी सत्ता किंवा थोडी किमया असावी लागते. कोल्हापूरचे शाहीर लहरी हैदर हा शब्द नावातच मिरवत असत आणि त्यात कोणाला वावगे वाटले नाही, कारण शाहिराच्या लहरीतून पोवाडा निघतो अशी लोकांची खात्री होती. कलावंताला आपण ही मोकळीक आनंदाने देतो. त्याबद्दल माझी फारशी तक्रार नाही, कारण मैफल रद्द झाली तर निदान तिकिटाचे पैसे परत मागता येतात. घरात तशी सोय नसते.

आमच्या एकत्र कुटुंबात सर्वांत मोठे काका होते. त्यांना सगळे अण्णा म्हणत. अण्णा लहरी आहेत ही गोष्ट आम्हां मुलांना पाढ्यांच्याही आधी शिकवली गेली होती. सकाळी कडेवर घेऊन बागेत फिरवणारे अण्णा संध्याकाळी ताटात मीठ उजव्या बाजूला वाढले म्हणून पानावरून उठत. एखाद्या दिवाळीत सगळ्यांना दोन दोन जोड कपडे, तर पुढच्या दिवाळीत फटाक्यांचे नाव काढले म्हणून चार दिवस अबोला. पाहुण्यांना, सोयरिकीच्या मंडळींना, नव्या सुनांना घरात पाऊल टाकल्याबरोबर कानात सांगितले जाई, ‘मनाने फार चांगले आहेत हो, फक्त जरा लहरी आहेत.’ त्या ‘फक्त जरा’मध्ये आमच्या घराचे सगळे वेळापत्रक, सगळा स्वयंपाक आणि तीन बायकांची झोप सामावलेली होती.

अण्णांच्या लहरीचा खरा अभ्यास काकूंचा. अण्णा दारातून आत आले की त्यांनी चपला कशा काढल्या, टोपी खुंटीला अडकवली की पलंगावर टाकली, पाणी मागितले की नुसते खाकरले, एवढ्यावरून काकू पुढच्या चार तासांचा अंदाज बांधीत. टोपी पलंगावर पडली की त्या आतल्या खोलीत येऊन आम्हाला फक्त एवढेच म्हणत, ‘अभ्यासाला बसा रे.’ त्या दिवशी रेडिओ लागत नसे, कोणी शाळेची सही मागत नसे, आणि उसने मागायला आलेल्या शेजारणीला काकू परसदारीच गाठून उद्या ये म्हणून सांगत. त्यांचा अंदाज सहसा चुकत नसे. मोठे झाल्यावर एकदा मी काकूंना विचारले, ‘काकू, इतकं बरोबर कसं कळायचं तुम्हाला?’ त्या शेंगा सोलत होत्या. म्हणाल्या, ‘त्यात काय कळायचंय? कचेरीत काही बोलणं बसलं की टोपी पलंगावर. भाऊबंदकीतला कागद आला की मीठ चुकीचं. लहरी कुठले आलेत ते! मामलेदारासमोर एकदा तरी लहर फिरली का त्यांची?’

काकूंचे शिक्षण चौथीपर्यंतचे होते. पण बाहेरच्यांना जी लहर वाटे, तिचा उगम, वेळ आणि दिशा त्यांना बरोबर ठाऊक होती. आणि ती कधीही चढणीला जात नाही हेही ठाऊक होते. सावकाराशी, वरिष्ठांशी, गावच्या पुढाऱ्याशी बोलताना अण्णा बारा महिने एकसारखे असत. कचेऱ्यांमध्ये हेच काम साहेबांच्या दाराशी बसणारा शिपाई करतो. आत जाणारा प्रत्येक जण त्याला हळूच विचारतो, ‘काय, आज कसं काय?’ आणि तो नुसत्या भुवईने उत्तर देतो. त्या भुवईवर कित्येकांच्या रजा, बदल्या आणि बिले मागेपुढे होतात. एकाला अंदाज न बांधता येण्याजोगे वागण्याची चैन हवी असेल, तर त्याच्याभोवती दहा जणांना चोवीस तास अंदाज बांधीत बसावे लागते.

संस्कृत सुभाषितकाराने हे फार पूर्वी ओळखले होते : ‘क्षणे रुष्टाः क्षणे तुष्टा रुष्टास्तुष्टाः क्षणे क्षणे । अव्यवस्थितचित्तानां प्रसादोऽपि भयंकरः ॥’ पहिली ओळ आपण गंमत म्हणून उद्धृत करतो. खरा घाव दुसऱ्या ओळीत आहे. अशा माणसांचा राग भयंकर असतो हे सांगायला कवी लागत नाही. कवी सांगतो की त्यांची कृपाही भयंकर असते. अण्णांनी बागेत नेले त्या सकाळीही आम्ही मुले त्यांच्याशी बेताने बोलत असू, कारण ती सकाळ कुठे संपेल हे माहीत नसे.

आणि तरीही आम्ही त्या सकाळींची वाट पाहत असू. बी. एफ. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर केलेले प्रयोग या बाबतीत बोलके आहेत. कळ टोचली की दर वेळी ठरावीक दाणा मिळणारे कबुतर, दाणा बंद झाल्यावर लवकरच टोचणे सोडून देते. पण दाणा कधी तिसऱ्या टोचीला, कधी तिसाव्या टोचीला, कसलाही नेम नसताना मिळत गेला असेल, तर दाणा बंद झाल्यानंतरही ते कितीतरी वेळ टोचतच राहते. लहरी माणसाभोवतीची माणसे त्याला सोडून का जात नाहीत, उलट त्याच्या एका हसण्यावर आठवडा का काढतात, याचे उत्तर स्वभावाच्या गूढतेत शोधण्याची गरज पडू नये.

इतिहासात या शब्दाचा मोठा मानकरी महंमद तुघलक. शाळेत आम्हाला तो लहरी महंमद म्हणूनच भेटला; बोलीत त्याचा वेडा महंमद झाला, आणि राजकारणात तुघलकी निर्णय हा शब्दप्रयोग आजही प्रत्येक पक्ष दुसऱ्यासाठी राखून असतो. महाराष्ट्राशी त्याचा संबंध सरळ आहे. १३२७ च्या सुमारास त्याने यादवांच्या देवगिरीचे दौलताबाद करून तिथे राजधानी नेली, दिल्लीच्या उमरावांना, विद्वानांना, सूफींना सक्तीने दक्षिणेत आणले, आणि काही वर्षांनी त्यांना परत जाण्याची मुभा दिली. याच काळात चांदीच्या टंक्याच्या बदली तांब्या-पितळेची नाणी काढली. ती घरोघर पाडली जाऊ लागली तेव्हा मागे घेतली आणि खजिन्यातून त्यांच्या बदल्यात खरे पैसे चुकते केले. शाळेच्या पुस्तकात हे सगळे एका परिच्छेदात येत असल्यामुळे माणूस सकाळी उठून मनाला येईल ते फर्मान काढीत होता असे वाटते.

पण यातला एकही निर्णय बिनकारणाचा नव्हता. नव्याने हाती आलेल्या दक्षिणेवर दिल्लीतून ताबा ठेवणे अशक्य होते, आणि दौलताबादचा डोंगर ज्याने पाहिला आहे, त्या तासलेल्या कड्याखाली आणि अंधारी नावाच्या भुयारी वाटेत जो उभा राहिला आहे, त्याला ही जागा का निवडली असे विचारावे लागत नाही. प्रतीकमुद्रेची कल्पना चीनमध्ये कागदी चलनाच्या रूपाने आधीच चालू होती. सुलतानाच्या योजनांना बुद्धी होती. त्या योजना ज्यांच्या अंगावरून जाणार होत्या त्यांना विचारण्याची पद्धत नव्हती, आणि ज्यांना विचारले जात असे ते खरे बोलत नव्हते. झियाउद्दीन बरनी हा इतिहासकार सतरा वर्षे सुलतानाच्या निकट सहवासात होता. सुलतानाच्या मृत्यूनंतर, दरबारातून बाहेर फेकला जाऊन दारिद्र्यात दिवस काढताना, त्याने हा सगळा इतिहास लिहिला, आणि आपण लोभाने व भीतीने सुलतानासमोर सत्य बोललो नाही ही कबुलीही त्यातच दिली. ज्या दरबारात सतरा वर्षांत कोणी नाही म्हणत नाही, तिथल्या राजाचे वागणे बाहेरून लहरीसारखेच दिसणार.

इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी १३३४ मध्ये दिल्लीला पोहोचला. सुलतानाने त्याला भरघोस वेतन देऊन काझी नेमले. काही वर्षांनी मर्जीतून उतरलेल्या एका सूफीची भेट घेतल्याच्या कारणावरून त्याच्यावर पहारा बसला आणि प्राणाशी गाठ पडायची वेळ आली. तो त्यातून सुटला, सर्व सोडून फकीर झाला, तर सुलतानाने त्यालाच बोलावून चीनच्या दरबारात वकील म्हणून धाडले. त्याने लिहून ठेवले आहे की या राजाच्या दारात कोणी गरीब श्रीमंत होत नाही आणि कोणी जिवंत माणूस मारला जात नाही, असा दिवस जात नाही. प्रसादोऽपि भयंकरः या चरणावर याहून चांगले भाष्य मला सापडलेले नाही.

या तथाकथित लहरीचे आपल्याकडे उरलेले अवशेष मात्र फार स्थिर निघाले. सक्तीने आणलेल्यांपैकी अनेक जण परत गेलेच नाहीत. बुऱ्हाणुद्दीन गरीब या सूफी संतांची कबर खुलदाबादला आहे, अमीर हसन सिज्झी हा कवीही तिथेच विसावला आहे. १३४७ मध्ये दक्षिणेतल्या बंडखोर सरदारांनी दौलताबादेतच बहमनी सत्तेची स्थापना केली, आणि दिल्लीहून आलेली बोली इथल्या मातीत रुजून दखनी झाली.

राजानंतर हा शब्द सर्वांत जास्त वापरला जातो तो पावसासाठी. ‘लहरी मान्सूनचा शेतकऱ्यांना फटका’ हा मथळा दर जुलैत कुठल्या ना कुठल्या वर्तमानपत्रात असतोच. पण शेतकऱ्याच्या बोलीत पाऊस लहरी नसतो. तो दडी मारतो, ओढ देतो, हुलकावणी देतो, उघडीप देतो. यांतल्या प्रत्येक शब्दाचा काळ आणि परिणाम वेगळा. पुनर्वसूच्या पावसाला तरणा आणि पुष्याच्या पावसाला म्हातारा म्हणतात, मघांचा पाऊस सासूंचा आणि पूर्वांचा सुनांचा. पंचांग तर प्रत्येक नक्षत्राला बेडूक, म्हैस, मोर, गाढव, हत्ती अशी वाहने देते. त्या वाहनांवर आज किती भरवसा ठेवायचा हे ज्याने त्याने ठरवावे, परंतु त्यामागची वृत्ती अण्णांच्या टोपीकडे पाहणाऱ्या काकूंचीच आहे : ज्याच्यावर पोट अवलंबून आहे त्याला लहरी म्हणून सोडून देणे परवडत नाही, त्याचे नियम हुडकावे लागतात.

विज्ञानानेही तेच केले. १९०४ ते १९२४ या काळात भारताच्या वेधशाळांचे प्रमुख असलेले गिल्बर्ट वॉकर मूळचे गणितज्ञ. भारताचा पाऊस चुकतो तेव्हा जगात आणखी कुठे काय चुकते, हे त्यांनी हवेच्या दाबांचे आकडे ताडून शोधले, आणि प्रशांत महासागराच्या दोन टोकांना आलटूनपालटून चढउतरणाऱ्या दाबाचा झोका त्यांच्या हाती लागला. आज एल निनोच्या बातम्या आपण वाचतो त्यामागे तो झोका आहे. १९२८ मध्ये हवामान खात्याचे मुख्यालय शिमल्याहून पुण्याला आले, आणि शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर अजून शिमला ऑफिस म्हणतात. तिथल्या नोंदी सांगतात की देशभराचा जून ते सप्टेंबरचा सरासरी पाऊस सुमारे ८७ सेंटीमीटर आहे आणि बहुतेक वर्षी तो या आकड्याच्या दहा टक्के इकडेतिकडे राहतो. लहरीपणासाठी ही वागणूक फारच सभ्य म्हणायला हवी.

अर्थात देशाची सरासरी माणदेशातल्या विहिरीत उतरत नाही, आणि एकाच तालुक्यातल्या दोन गावांत पडणाऱ्या पावसात केवढे अंतर असते हे तिथले लोक जाणतात. पावसाची अनिश्चितता खोटी आहे असे माझे म्हणणे नाही. माझी हरकत मथळ्याला आहे. पाऊस लहरी ठरला की धरणातले पाणी आधी कोणत्या पिकाला सुटले, पीकविम्याची रक्कम कुठे अडकली, पाणलोटाची कामे कागदावर झाली की जमिनीवर, हे प्रश्न आपोआप मागच्या पानावर जातात. लहर शब्दाचे जे व्याकरण साहेबांना वाचवते, तेच इथे यंत्रणेला वाचवते.

घरातल्या बायकांना लहरीची परवानगी नव्हती असे मी म्हटले. पण एक फट होती. देवीच्या दिवसांत एखादीच्या अंगात वारे येई. रोज खाली मान घालून वावरणारी बाई तेव्हा केस मोकळे सोडून घुमू लागे, दिराला आणि सासूला एकेरीत सुनावी, आणि सगळे घर हात जोडून ‘काय चुकलं, आई?’ असे विचारी. तिलाही ते येतच असे; तिथेही कर्ता ती नव्हती. व्याकरण तेच, फरक इतकाच की साहेबांना लहर यायला मंगळवार-शुक्रवार लागत नाही.

दुसऱ्या बाजूला, हा शब्द कधी कधी आजारावरही पांघरूण घालतो, आणि ते अधिक घातक आहे. द्विध्रुवी विकारात माणूस काही आठवडे झोपेशिवाय उत्साहात असतो, ऐपतीबाहेर खर्च करतो, एकाच वेळी पाच धंद्यांच्या गोष्टी बोलतो, आणि मग महिनोन्‌महिने अंथरुणातून उठत नाही. त्याला लहरी म्हणून हसण्यात वर्षे जातात. १९४९ मध्ये जॉन केड या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने या विकारावर लिथियमचा उपयोग होतो हे दाखवले. औषध तेव्हापासून उपलब्ध आहे, पण औषधापर्यंत पोहोचण्याआधी घरच्यांना तो शब्द टाकावा लागतो. अण्णांसारख्याची लहर मामलेदारासमोर थांबते. या माणसाची कोणासमोरच थांबत नाही, वरिष्ठांसमोर नाही आणि सावकारासमोरही नाही. फरक ओळखण्याची ही खूण अचूक नसेल, पण माझ्या पाहण्यात ती बऱ्याचदा उपयोगी पडली आहे.

आता लहरीची जागा हळूहळू मूड घेत आहे. ‘मूड नाही’ हे तीन वर्षांचे मूलही म्हणते आणि आईबाप ते ऐकून घेतात. कॉलेजातली मुलगी वडिलांना, नवखा कर्मचारी वरिष्ठाला, बायको नवऱ्याला हे सांगू शकते. आमच्या घरात काकूंनी असे म्हटल्याची कल्पनाही मला करवत नाही. मूडला वाट पाहणारे कोणी लागत नाही, तो ज्याचा त्याचा असतो. त्यामुळे हा शब्द आल्यापासून लहरीचा अधिकार सर्वांना सारखा वाटला गेला, असे मला अलीकडेपर्यंत वाटू लागले होते.

मग आमच्या सोसायटीत एक साधी गोष्ट घडली. दोन-तीन घरांत स्वयंपाक करणाऱ्या बाईंनी एका रविवारी फोन करून सांगितले, ‘ताई, आज मूड नाही, उद्या येते.’ दुपारपर्यंत सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चर्चेला ऊत आला. बायका बेभरवशाच्या झाल्या आहेत, आपणच त्यांना डोक्यावर बसवले आहे, यांना पर्याय शोधायला हवा, आणि अखेरीस, न सांगता घेतलेल्या रजेचे पैसे कापावेत असा ठराव. सांगून घेतलेल्या रजेला न सांगता घेतलेली कसे म्हणता येईल, हे मी विचारले, त्याला कोणी उत्तर दिले नाही. त्याच आठवड्यात सातव्या मजल्यावरच्या एका नावाजलेल्या गायकांनी सोसायटीच्या गणपतीत गाण्याचे कबूल करून, मांडव सजल्यावर, सायंकाळी सहा वाजता आज गावेसे वाटत नाही असा निरोप पाठवला होता. त्यावर ग्रुपवर फक्त एकच संदेश आला होता, ‘मोठी माणसं, लहरी असायचीच,’ आणि त्याखाली हात जोडलेल्या चित्रांची रांग. पैसे कापण्याच्या ठरावाला पहिला अंगठा याच गायकांचा पडला.